धडधाकट रोपांना डिस्चार्ज

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना कुणी अजून नीट समजावून सांगितलेली नाही. हॉस्पिटलने रीतसर निरोप समारंभ केला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, तिघांनी भाषणात त्यांना 'आम्हा सर्वांची आई' म्हटलं. चौथा वक्ता त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं राबलेला होता. तो पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाई पहाटे पाचला उठल्या, केस घट्ट बांधले, कडक इस्त्रीचे कपडे चढवले, आणि दार उघडून पाहतात तर जायला ठिकाणच नाही. मग त्यांची नजर घरामागच्या मोकळ्या जागेवर गेली. त्या जागेचे सुखाचे दिवस तिथेच संपले.

बाकीचे लोक वाफे करतात, बाईंनी खाटा केल्या. सहा फूट बाय तीन फूट अशा बारा खाटा, दोन रांगांत, मधून ट्रॉली जाईल एवढी वाट. ट्रॉली नव्हती, पण वाट हवीच. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक काठी, काठीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तक्ता: दाखल तारीख, पाणी, पानांचा रंग, शेरा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला बाई राउंड घ्यायच्या. मधल्या वेळात रोपांनी विश्रांती घ्यावी अशी अपेक्षा होती, आणि रोपं तरी बिचारी दुसरं काय करणार.

थंडीत हे सगळं खपून जायचं. थंडीत पालेभाजी कुणाच्याही हातून येते, आणि जो तो आपल्या हाताचा गुण म्हणून मिरवतो. खरी गंमत उन्हाळ्यात. बाईंच्या गावच्या उन्हाळ्यात दुपारी नळाच्या तोटीला हात लावला तर चटका बसतो, आणि त्या नळाला पाणी येतं एक दिवसाआड, चाळीस मिनिटं. पालक चार पानं दाखवतो न दाखवतो तोच फुलोऱ्यावर येतो. कोथिंबीर तुरा काढते आणि स्वाद घालवून बसते. मेथी मुळात कडू, ती आणखी कडू होते. सॅलडची नाजूक पानं तर अकरा वाजताच मान टाकतात. बियाण्यांच्या दुकानदाराने बाईंना परोपरीने सांगितलं होतं, "बाई, उन्हाळ्यात ज्याला ऊन मानवतं तेच लावा. माठ लावा, मायाळूचा वेल सोडा, अंबाडी पेरा. घोळ तर न पेरताच येते, तिला फक्त उपटू नका." बाईंनी ऐकल्यासारखं केलं आणि दोन्ही लावलं. सहा खाटांवर उन्हात फोफावणारी, सहा खाटांवर उन्हात मरणारी. इथवर काही बिघडलं नव्हतं. जे बिघडलं ते पुढे, आणि ते बिघडवणं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं.

एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत एक नियम बाईंच्या हाडीमाशी खिळला होता: खाट आजाऱ्यासाठी असते. बरा झाला त्याने घरी जावं. बरा झालेला माणूस खाट अडवून बसला की बाईंच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. हाच नियम मागच्या अंगणात लागू झाला. माठ वीतभर वाढायचा, पानं टवटवीत, देठ जाड. बाई राउंडला यायच्या, पान उलटंपालटं करून पाहायच्या आणि पुठ्ठ्यावर लिहायच्या: 'प्रकृती उत्तम. डिस्चार्ज.' खाली सही आणि वेळ. संध्याकाळी ती रोपं मुळासकट, मातीच्या गोळ्यासह जुन्या डब्यांत बसवून कुंपणावरून शेजारी रवाना. रिकाम्या झालेल्या खाटेवर लगेच आजारी पालक दाखल. त्याच्यावर हिरवी जाळी, बाजूने ओली पोती, दिवसातून चार वेळा वाटीने पाणी. तो इतक्या सेवेनंतरही मरायचा, फक्त जरा सावकाश. ऐन उन्हाळ्यात बाईंच्या बागेत एक धड पान शोधून सापडत नसे, आणि बाईंना त्याची लाज वाटायची सोडून अभिमान वाटायचा. "माझ्याकडे सगळ्या सिरियस केसेस आहेत," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

शेजारी राहायचे एक निवृत्त वायरमन. आयुष्यभर खांबावर चढून झाल्यामुळे उरलेलं आयुष्य खुर्चीत काढायचं त्यांनी ठरवलं होतं. बाईंकडून आलेली रोपं ते भिंतीच्या कडेने कशीबशी खोचायचे आणि भांडी विसळलेलं पाणी त्यांच्या अंगावर भिरकावायचे. भाजी हवी झाली की शेंडे खुडायचे. खुडल्या जागी दोन नवे फुटायचे. मायाळूने त्यांच्या जुन्या तारेचा आधार घेऊन छप्पर गाठलं. कुंपणाच्या अलीकडे अतिदक्षता विभाग आणि पलीकडे जंगल.

"मेट्रनबाई, आणखी कुणी बरं झालंय का?" ते खुर्चीतूनच विचारायचे.

"परवा दोन जण सुटतील," बाई म्हणायच्या.

आठवड्यातून दोनदा वायरमन एक घसघशीत जुडी कुंपणावरून द्यायचे. बाई ती मोठ्या मायेने घ्यायच्या, जुना पेशंट तब्येत दाखवायला आल्यासारखी. त्यांच्या स्वयंपाकघरात जी काही पालेभाजी शिजायची ती हीच. स्वतःच्या बागेत राबून शेजाऱ्याच्या दयेवर जेवणारी ही बाई आपल्याला शिस्तप्रिय म्हणवायची, आणि तिला तसं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

या उन्हाळ्यात बाईंची लेक आली. वय सेहेचाळीस, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, एकटी. बॅगेत एक अर्ज घेऊनच आली होती. कारखान्याची एक शाखा आईच्या गावात होती आणि तिथे बदली मिळत होती. पहिल्याच जेवणाला तिने सरळ सांगितलं, "आई, सहा आठवड्यांची रजा काढलीय. इथे कायमचं यायचं की नाही ते तेवढ्यात ठरवते. रजा संपली की अर्ज द्यायचाय."

"ठरव," बाई म्हणाल्या. "खोली काय, रिकामीच आहे."

हे म्हणून त्या आत गेल्या आणि उरलेल्या भाजीत दुसऱ्यांदा मीठ घालून आल्या. त्यांना लेक हवी होती. फार हवी होती. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरत होते, आणि आठवड्यातले पाच दिवस त्यांचा आवाज फक्त पालकाच्या कानावर पडायचा. पण 'राहा' हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी बाहेर पडलाच नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी माणसांना एकतर 'झोपा' म्हटलं होतं, नाहीतर 'निघा'. लेकीने राहायचं तर आपणहून राहावं, आपण नुसता तिच्या खोलीतला पंखा पुसून ठेवावा, असा त्यांचा बेत होता. पंखा त्यांनी एका आठवड्यात तीनदा पुसला.

बाईंना मुलं दोन. धाकटा मुलगा जन्मतःच छातीने नाजूक. लेक मात्र अशी खणखणीत की शाळेत निम्मा वर्ग गालगुंडाने झोपला तेव्हा ही एकटी बाकावर बसून होती. नवरा लवकर गेला. बाईंना पाळ्या करून दोन मुलं सांभाळणं जमेना, तेव्हा नवव्या वर्षी लेकीला हॉस्टेलवर ठेवलं, ती आठ वर्षं तिथेच वाढली. मुलगा घरी राहिला, आईच्या हातचे काढे पीत. आता तो त्रेचाळीस वर्षांचा, दूर देशी, चांगला दांडगा गृहस्थ आहे. पण शिंक आली की आधी आईला फोन करतो आणि मग नाक पुसतो. त्याच्या डाव्या नाकपुडीवर बाई अर्धा अर्धा तास बोलू शकतात. लेकीचा फोन दीड मिनिटात संपायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "बरं." आणि ठेवला.

लेक आली तशी बागेत शिरली. प्रयोगशाळेतली बाई, तिला पाच मिनिटांत सगळा प्रकार कळला. पण ती आईच्या अंगावर गेली नाही. कोपऱ्यातल्या दोन खाटा तिने मागून घेतल्या आणि त्यात माठ पेरला. मातीवर वाळक्या पाल्याचा जाड थर पसरला, ओल टिकावी म्हणून. पाणी उजाडायच्या आत, तेही मुळाशी, पानांवर थेंब नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही खाटा लालहिरव्या भरून गेल्या. भर दुपारी बारा वाजता त्यांच्याकडे बघावं तर एक पान वाकलेलं नाही.

"आई, याला मुळासकट काढायचं नाही हं," लेकीने दोन बोटांत शेंडा धरून दाखवलं. "इथून खुडायचा. खालून फुटत राहतो. उन्हाळा संपेपर्यंत आपल्याला पुरेल."

"हूं," बाई म्हणाल्या.

'आपल्याला' हा शब्द त्यांनी नीट ऐकला होता. त्या दिवशी संध्याकाळच्या राउंडला बाई त्या दोन खाटांपाशी बराच वेळ रेंगाळल्या. पण तोंडाने काही बोलल्या नाहीत. चांगल्याला चांगलं म्हटलं की ते बिघडतं, हे त्यांचं शास्त्र.

पाचव्या आठवड्यात लेक सकाळीच आवरून कारखान्याची इथली शाखा बघायला गेली. तिथल्या साहेबांनी प्रयोगशाळा दाखवली, खिडकीजवळचं टेबल दाखवलं, कधीपासून येताय म्हणून विचारलं. परतताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्जासाठी एक चांगलं पेनसुद्धा घेतलं. तिचा निर्णय झाला होता. संध्याकाळी आपल्या माठाची पहिली भाजी करायची आणि जेवताना आईला सांगायचं, असं ठरवून ती परात घेऊन मागच्या दारी गेली.

दोन्ही खाटांवर माठाचं एक रोप उरलं नव्हतं. एकीवर दहाबारा मरतुकड्या कोथिंबिरीच्या काड्या ओल्या पोत्याखाली शेवटचे श्वास मोजत होत्या. पुठ्ठ्यावर बाईंचं वळणदार अक्षर: 'प्रकृती उत्तम. डिस्चार्ज.' सही, आणि वेळ अकरा वाजून दहा मिनिटं.

"आई, माझा माठ कुठे आहे?"

"दिला. वायरमनकडे."

"का?"

"छान झाला होता," बाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"तो मी इथे ठेवायला लावला होता."

"ठेवायचं काय त्यात? त्याला काहीएक झालं नव्हतं."

लेकीने रिकामी परात छातीशी धरली. मग म्हणाली, "मलाही काही झालं नव्हतं."

"तुला कधी?"

"नऊ वर्षांची होते तेव्हा. हॉस्टेलच्या दारात तू तिथल्या रेक्टरबाईंना म्हणालीस, हिची मुळीच काळजी करू नका, ही धडधाकट आहे. सांगताना तुझा चेहरा किती फुलला होता, आई. मी तुझा हात धरून उभी होते."

बाईंना तो दिवस आठवत होता. चांगलाच आठवत होता. सदतीस वर्षं त्या अशा समजुतीत होत्या की लेकीबद्दल आपण आयुष्यात जे काही बोललो त्यातलं सर्वांत कौतुकाचं वाक्य ते. आज पहिल्यांदा ते त्यांना दुसऱ्या बाजूने ऐकू आलं. बोलायला हीच वेळ होती. जीभ हललीही असती. तेवढ्यात घरात फोन वाजला. मुलाचा होता, त्याला दोन दिवसांपासून आंबट ढेकर येत होते. बाई आत गेल्या आणि सवयीने पंचवीस मिनिटं बोलल्या. परत आल्या तेव्हा परात ओट्यावर पालथी होती, लेकीच्या खोलीचं दार लागलेलं होतं आणि आतून कपाट उघडल्याचा आवाज येत होता.

जेवताना लेकीने सांगितलं की ती उद्या दुपारच्या बसने निघते. अर्ज देणार नाही. भांडली नाही, रडली नाही. ताट स्वच्छ केलं, भांडी घासली. तिची प्रकृती उत्तम होती.

सकाळी बाईंनी राउंड घेतला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या कुंपणापाशी गेल्या. माठाची रोपं वायरमनच्या भिंतीशी खोचलेली होती, आणि इतक्या उन्हात जागा बदलल्यामुळे माना टाकून पडली होती.

"धरतील दोन दिवसांत," वायरमन खुर्चीतून म्हणाले. त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि चक्क उठून कुंपणापाशी आले. "परत हवीत का? घेऊन जा. मला काय, माझ्याकडे रान माजलंय."

"असं परत घेता येत नाही. एकदा सुटलेला पेशंट पुन्हा दाखल करायचा तर कारण लिहावं लागतं."

"मग लिहा की. तिकडे करमत नव्हतं म्हणून लिहा."

"हे कारण चालत नाही," बाई म्हणाल्या. "आजार लागतो."

रोपांकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. वायरमन दोनदा खाकरले, मग कंटाळून खुर्चीत जाऊन बसले.

साडेबाराला लेक बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आली. एक चप्पल पायात सरकवली, दुसरी शोधत होती. "येते, आई," ती म्हणाली.

"थांब."

बाई आत गेल्या आणि थर्मामीटर घेऊन आल्या. "तोंड उघड."

लेकीने तोंड उघडलं. विचार करायला वेळच मिळाला नाही. त्या आवाजापुढे मोठमोठे दांडगे पुरुष मुकाट तोंड उघडायचे, तर ही कोण. दोन मिनिटं ती एका पायात चप्पल घालून, जिभेखाली काच धरून उभी होती आणि बाई तिचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होत्या. नाडी बहात्तर. मग त्यांनी थर्मामीटर काढलं, खिडकीपाशी नेलं, चष्मा वर करून उजेडात धरलं. पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर थांबला होता, शहाण्यासारखा. तिथून तो या मुलीच्या बाबतीत कधी हललाच नव्हता. एका नर्सने आळसाने अंदाजे आकडा लिहिला होता, तर बाईंनी तिला तिच्या कॅपसकट वॉर्डबाहेर काढलं होतं. एकेचाळीस वर्षांत त्यांच्या हाताखाली एक आकडा खोटा गेला नव्हता.

"शंभर पॉइंट दोन," बाई म्हणाल्या.

"दाखव."

"पेशंटला दाखवत नाहीत."

"आई, मला ताप नाहीये."

"पेशंटला काय कळतं त्यातलं. प्रवास बंद. आठ दिवस अंथरुणातून हलायचं नाही."

लेकीने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. ते खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यापेक्षा गार होतं. तिने आईकडे पाहिलं, आणि बाईंनी नजर चुकवली.

"सुट्टी संपून हॉस्टेलवर परत जायचं असलं की मी दरवेळी सांगायचे, ताप आलाय म्हणून," लेक हळू म्हणाली. "तू दरवेळी हेच लावायचीस. बघायचीस, आणि माझी पेटी उचलायचीस."

"तेव्हा ताप नव्हता."

"आजही नाहीये."

"आज आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. पारा कधीच खाली उतरला होता, तरी त्या थर्मामीटर झटकत राहिल्या.

लेकीने पायातली एक चप्पल काढली आणि बॅग उचलून खोलीकडे वळली. दारात थांबून तिने विचारलं, "आणि आठ दिवसांनी?"

"आठ दिवसांत उतरणाऱ्यातला हा ताप दिसत नाही," बाई म्हणाल्या.